गुंडावरचा जास्तीचा ठिपका

...नाई भाऊ, तुमी मले कंजूस म्हना, चिडका म्हना, बायकोच्या धाकातला म्हना, सारं कबूल! पन अडीच वर्साचं लेकरू घेऊन जुन्या बाजारात जाऊ नका, सांगून ठेवतो! काऊन म्हंजे? मी गेलतो नं! उमेराले घेऊन गेलतो, माह्या पोट्टीले. अन् ते पोट्टी कशी? तिले त्या टायमाले एकच शब्द येत होता. घरी आमी आपली हिंदी बोलतो, पन हे गल्लीत खेळून खेळून मराठी शिकली, अन् मराठीत शिकली काय, तर 'माहं'! कुत्रं दिसलं, माहं! चंद्र दिसला, माहं! एक डाव मौलवीसाहेबाची दाढी धरली, माहं! आता असं लेकरू जिथं साऱ्या दुनियेच्या वस्तू जमिनीवर मांडून ठेवल्या हाय तिथं नेता का कोनी? मी नेलं. अक्कल गहान पडली होती माही, दुसरं काय!

तुमी मले वळखलं का नाई? आर्नीले भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसतो, तो नाव टाकनारा अन्सार. हातात बिजलीची कलम, समोर हंडा, टर्रर्र, टर्रर्र, 'चि. अमुक यास तमुककडून सप्रेम भेट'. ठिपक्या ठिपक्यानं लिवा लागते ते. अन् मी शिकलो उर्दू शाळेत, चवथीपावतर. उर्दूत नुक्ते लय, भाऊ, हाताले ठिपके द्याची अशी सवय लागली का मराठीत आलो तरी सुटली नाई. 'प्रेम' लिवलं का त्याच्या डोक्यावर एक ठिपका जास्तीचा पडतेच. सप्रेंम भेट! शेठ बोंबलते, "अन्सार, प्रेमावर टिंब नसते रे!" मी म्हनतो, शेठ, त्याचे पैसे नाई घेतले, राहू द्या. आता अर्ध्या तालुक्याच्या घरात पानी पितानी लोकं माहा तो ठिपका पाह्यतात.

पन ते सालच असं होतं! कापसाचं ते साल तुमाले सांगाची गरज नाई. कापूस विकला का लग्न निंगते, लग्न निंगालं का भांडे निंगतात, भांडे निंगाले का नाव निंगते, अन् नाव निंगालं का माह्या घरी भाजी शिजते. कापसानंच मान टाकली तर मी नाव कोनाचं टाकू? लग्न झाले तेबी सामूहिक! मंडपात पन्नास जोडपे, पन्नास हंडे, अन् पन्नासाई हंड्यावर एकच नाव, देनाऱ्याचं! अन् तेबी नागपूरवरून छापून आनलेलं! मी पायरीवर बसून माश्या मारून राह्यलो अन् हे नावं छापून राह्यले.

त्यात मार्च लागला. अफरोज, माही बायको, म्हने, "पोट्टीले घामोळ्या आल्या. उन्हाळ्यात कूलरचे भाव वर जातीन, आताच जुना घेऊन घेऊ. उमरखेडले इतवारी जुना बाजार भरते म्हने. अन् तिथंच कहकशांकडे जेवून येऊ, तेवढीच भेट होईन." कहकशां म्हंजे माही लहान बहीन. चार वर्सं झाले लग्नाले, उमरखेडलेच देल्ली, लेकरूबाळ अजून नाई. जवाई नौशाद जिनिंगमंदी फिटर. मी शनिवारी फोन केला. तिच्या घरी फोन नाई, शेजारच्या कोकिळाबाईकडे हाय, म्हून फोनवर ते मराठीतच बोलते, बाजूले कोकिळाबाई उभी असते नं! म्हनलं, कहकशां, उद्या येतो, पन जेवाचं नको करू. तर म्हने, "वा! भाऊ आला अन् न जेवता गेला, तर मी लोकाले तोंड कसं दाखवू? जेवायलेच या!" म्हनलं, नौशादमियां कसे हाय? "एकदम मस्त!" जिनिंग चालू हाय का? "जोरात!" असं बोलली, भाऊ, जोरात! अन् मी मानलं. कारन मी येडा हाय.

गाडी कोनाची? अमरसिंगची. आमच्या मागं राह्यते, तांड्यावरचा मानूस, त्याचा तीन चाकी टेम्पो. मानूस देवासारखा, पन टेम्पोच्या बाबतीत लय नाजूक. "अन्सारभाई, तिसऱ्या गेअरात टाकू नका, निंगते. हॉर्न दाबू नका, मंग थांबत नाई. चढावर बायकोले उतरवा. अन् लेकराले त्या तारेले हात लावू देऊ नका." कोनत्या तारेले? तर म्हने, "कोनत्याच!"

सकाऊन सहाले निंगालो. दुसऱ्या गेअरात उमरखेड! मांगून सायकलवाले पुढं चालले, हात करून राह्यले आमाले! पोट्टीनं पयले हॉर्न दाबला. तो महागावापावतर वाजला. गाई बाजूले, म्हशी बाजूले, एका वरातीनं वाट देल्ली. मंग उलटी झाली तिले, अफरोजच्या नव्या ओढनीवर. मंग तिनं बूट फेकला बाहीर. उजवा. मी दूर जाऊन पाह्यतो तर एकच बूट! फिरलो माघारी. एक शेळ्यावाली बाई बूट हातात घेऊन उभीच होती. बूट देल्ला, अन् आमी निंगालो, तर पोट्टीनं डावा फेकला! ते शेळ्यावाली हसून हसून रस्त्यातच बसली. तिसऱ्या डाव तिनं दोनी फेकले, मी थांबलोच नाई. म्हून म्हनतो, लेकरू घेऊन जुन्या बाजारात जाऊ नका!

आता बाजार. तुमाले सांगतो, मी लय जुने बाजार पाह्यले, पन ते नेहमी कसे असतात? टायर, कुलपं, बिघडलेले रेडू, एका पायाची खुर्ची. त्या इतवारी भांडेच भांडे! ताडपत्रीवर ताडपत्री, पितळ, तांबं, स्टील, उन्हात डोये दिपून राह्यले. अन् आमची उमेरा, पायात बूट नाई, पळत सुटली. परात, माहं! तपेलं, माहं! डबा, माहं! मी मांगून, नाई बेटा, ते लोकाचं हाय, लोकाचं! अन् एक तांब्या हिसकून परत ठेवतो, तर त्याच्यावर काय? सप्रेंम भेट.

माहा ठिपका.

बाजूचा डबा उचलला. सप्रेंम. परात, सप्रेंम. एक घंगाळ होतं, हे एवढं, 'चि. संघदीप यास मामा नागोरावकडून', अरे, हे तर मले ध्यानात हाय! तो नागोराव दोन घंटे पायरीवर बसला होता, म्हने माहं नाव भाच्याच्या नावाहून मोठं टाक! टाकलं होतं मी. मोठं. अन् आता ते उमरखेडच्या धुळीत पालथं. मी आपला उकिडवा बसून एकेक भांडं उचलून राह्यलो, हे माहं, हेबी माहं, ते पाहा, तेबी माहंच! एकीकडून पोट्टी अन् एकीकडून बाप. ताडपत्रीवाली बाई वरडली, मथुराबाई तिचं नाव, कमरेले पिशवी, तोंडात तंबाखू, "ओ भाऊ! तुमचं सारं खानदानच असं हाय का? घ्याचं तर घ्या, माहं माहं काय लावलं?"

म्हनलं, बाई, हे नावं मी टाकले हाय. तर तिचे डोये चमकले. "खरंच? मंग मिटवताबी येत असन! नाव असलं का गिऱ्हाईक घेत नाई बाप्पा, म्हनतात दुसऱ्याचा संसार कायले आना. बसा इथं दर इतवारी! लय काम हाय." पाह्यलं का? दोन महिन्यात मले पयलं काम आलं, अन् तेबी मिटवाचं!

मी तिले काई बोलनार, तेवढ्यात मांगून आवाज. "माहं! माहं! माहं!" पाह्यतो तर उमेरा एका पितळी गुंडाले मिठी मारून बसली. पानी भराचा गुंड, तिच्या बरोबरीचा. म्हनलं, सोड बेटा, लोकाचा हाय. सोडत नाई. मी तिचे बोटं एकेक करून काढले, अन् बोटाखाली नाव होतं. 'कहकशां हिस भावाकडून सप्रेंम भेट.'

तुमाले सांगतो, मी आयुष्यात हजारो भांड्यावर नाव टाकलं, पन माह्याकडून द्याच्या अशा एकाच भांड्यावर टाकलं, तिच्या लग्नाले. हे. मी उर्दूत टाकनार होतो, तर शेठ म्हने, मराठीत टाक, चोरीले गेलं तर पोलिसाले वाचता आलं पाह्यजे. म्हून मराठीत टाकलं, एका बैठकीत, अन् त्या दिवशी ठिपका मी मुद्दाम देल्ला होता, भाऊ, सवयीनं नाई.

मले वाटलं, चोरीच! म्हनलं, मथुराबाई, हे कुठून आलं तुमच्याकडे? तर ते आपली तंबाखू थुकून म्हने, "आताच सकाऊन एक बाई देऊन गेली. बुरखा होता अंगावर. लय घाईत होती बिच्चारी. जास्त भावबी नाई केला. म्हने लवकर द्या, कोंबडी घ्याची हाय, आर्नीहून भाऊ-भावजय येऊन राह्यले जेवाले."

आर्नीहून भाऊ-भावजय.

आता तुमीच सांगा, मानसानं कुठं पाह्यलं पाह्यजे अशा वक्ताले? मी पोट्टीकडे पाह्यलं. ते म्हने, "माहं."

अफरोज तिकडं कूलरजवळ होती. चांगला कूलर, लोखंडी, वाळ्याची नवी ताटी, भावबी बसला होता. तिले मी हाक मारली नाई, पन ते आली. तिले मराठी वाचता येत नाई. तिनं फक्त गुंड पाह्यला, मंग माह्या तोंडाकडे पाह्यलं, मंग मथुराबाईचं आयकलं. कूलरवाल्याकडे गेली, पंख्याले बोट लावून एक चक्कर फिरवला, अन् म्हने, "इसकी हवा कुछ बराबर नहीं है." हवा बराबर नाई! तिथं बिजली नव्हती, भाऊ, हवा कुठून आली! कूलरचे पैसे मी मथुराबाईले देल्ले अन् गुंड घेतला. मथुराबाई म्हने, नाव मिटवून वापरजा. मले असा राग आला... पन तिच्यावर कायले काढू? तिनं तर भाव बरोबरच लावला होता.

आता खरी पंचाईत पुढं. गुंड तर घेतला, पन तो द्याचा कसा? समोर धरून 'घे बाई, तुहा गुंड', असं म्हनता येते का? ते जमिनीत जाईन! तिनं फोनवर 'जोरात' म्हनलं होतं, तेबी कोकिळाबाईसमोर. म्हून आमी ठरवलं, टेम्पोत ताडपत्रीखाली लपवाचा, जेवाचं, अन् निंगतानी गुपचूप मांगच्या दारी ठेवून सटकाचं. सोपं. फक्त उमेरा बोलली नाई पाह्यजे. तिले मी समजावलं. बेटा, फुफ्फूसमोर, म्हंजे आत्यासमोर, गुंड म्हनाचं नाई. काय म्हनाचं नाई? गुंड. अन् अशा तऱ्हेनं, भाऊ, मी माह्या लेकराले दुसरा शब्द शिकवला.

कहकशां दारातच उभी होती. वाळली होती. पोट्टीले छातीले लावलं, नौशाद पुढं आला, भाईजान भाईजान करून. दुपारचे बारा, इतवार असला तर काय झालं, जिनिंगचा सीझन हाय, मी म्हनलं सुट्टी? तर म्हने, "हां, मेंटनन्स चालू हाय." त्याच्या हातावर ग्रीसचा एक डाग नव्हता. फिटरचे हात इतके साफ मी कधी पाह्यले नाई.

दस्तरखान मांडला. कोंबडी, पुलाव, वरून गोड. अन् पानी? प्लास्टिकच्या बालटीतून. माही नजर गेली, तिनं पाह्यली. म्हने, "भाईजान, गुंड कल्हईले देल्ला." मी म्हनलं, हो हो, कल्हई पाह्यजेच. नौशाद ताटात पाहून राह्यला. अफरोज म्हने, आमच्याकडचा कल्हईवाला तर लय टाइम लावते. सारे आमी कल्हईवर असे बोललो, असे बोललो, जशी आमच्या खानदानात चार पिढ्यांची कल्हई हाय! नौशादनं कोंबडीची टांग उचलून माह्या ताटात ठेवली. खा म्हने. अन् मी तो गुंड खाल्ला, भाऊ. काय सांगू, मसाला चांगला होता.

तेवढ्यात पोट्टी उभी राह्यली. बाहीर टेम्पोकडे बोट. "गुं!"

झालं! मी खोकललो. अफरोजनं तिच्या तोंडात पुलाव कोंबला. पोट्टीनं तो थुकला. "गुं! गुं!" कहकशां उठली, "अरे, लेकराले शी लागली!" म्हनलं, हो हो, शीच हाय, घेऊन जा! ते बिच्चारी तिले उचलून मांगं पळाली. बसवलं. काई नाई. आनलं. बसली नाई तोच, "गुं! माहं गुं!" नौशाद म्हने, "ये लडकी तो बडी साफ बोलती है." पुन्हा मांगं! पुन्हा काई नाई! तिसऱ्या डाव कोकिळाबाई आली ओवा-पानी घेऊन, म्हने, पोट बांधलं असन. अफरोज म्हने, "कलसे ऐसाच है." म्हंजे पाहा, एक गुंड लपवाच्या पायी माह्या लेकराचं पोट साऱ्या गल्लीत बदनाम झालं! लेकरू घेऊन जुन्या बाजारात... जाऊ द्या.

निंगाची वेळ झाली. अफरोजनं कहकशांले घरात गप्पात लावलं, मी आपला हळूच टेम्पोकडे. ताडपत्री उचलली. तर उमेरा माह्या आदीच आत! गुंडाले मिठी. मी ओढतो, ते ओढते. मी म्हनतो, सोड माय, पाया पडतो! ते किंकाळ्या फोडते, "माहं गुं! माहं!" अन् तिचा पाय लागला हॉर्नले.

अमरसिंगनं सांगतलंच होतं. मंग थांबत नाई.

सारी गल्ली बाहीर. कोकिळाबाई, तिची सून, नौशाद, अन् सर्वात पुढं कहकशां. मी टेम्पोत उकिडवा, एका हातानं गुंड, एका हातानं पोट्टी. हॉर्न चालूच. काय करता? सांगा, काय करता? मी खाली उतरलो, गुंड तिच्यापुढं धरला. तिनं पाह्यलं. तो जास्तीचा ठिपका हाय नं, त्याच्यावरून तिनं बोट फिरवलं. नौशादनं तोंड भिंतीकडे केलं. मले वाटलं, झालं, आता हे रडते, अन् मीबी रडतो, साऱ्या गल्लीसमोर.

तर कहकशां मोठ्यानं, सारे आयकतीन अशी, म्हने, "अरे भाईजान! कल्हईवाल्याकडून तुमीच आनला का?"

म्हनलं, हो. रस्त्यातच होता. म्हनलं, तुले कायले हेलपाटा.

तिनं गुंडात डोकावून पाह्यलं. आत पितळ जसं होतं तसं, पिवळं. म्हने, "चांगली केली हो त्यानं कल्हई." कोकिळाबाईबी पुढं आली, तिनंबी डोकावून पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् म्हने, "चांगलीच केली. कशी चकचक करून राह्यली." तिच्या पायावर डोकं ठेवावं वाटलं मले.

घरापावतर पोट्टी रडली. माहं गुं, माहं गुं. अफरोज अर्ध्या रस्त्यापावतर तिले गप्प करत होती, मंग तेबी रडली. मी दुसऱ्या गेअरात. तो उन्हाळा आमी ओल्या चादरीवर काढला, पोट्टीच्या घामोळ्या पिकल्या, बायको एक डाव कूलर म्हनली नाई.

अन् आता हे पाहा. दोन वर्सं झाले. जिनिंगचं काई खरं नाई, नौशाद कुठं कुठं हातमजुरी करते, मले कोकिळाबाईकडून समजते. गुंड हाय म्हने घरात. मी मुद्दाम इचारतो तिले, बाई, गुंड हाय नं? हाय म्हने, रोज घासते. पन कहकशांचा फोन दर ईदले. "भाईजान, या नं." कसा जाऊ? आमी गेलो का कोंबडी आली, अन् कोंबडी आली का गुंड चालला बाजारात! म्हनतो, टेम्पो बंद हाय. "यस्टीनं या." पोट्टीले उलट्या होतात. "मंग मीच येतो!" आता हे आली तर भाचीच्या घरी खाली हातानं येनार हाय का? म्हनलं, नको नको, आमीच बाहीरगावी चाललो.

परवा पुन्हा फोन. कोकिळाबाई बाजूले असन, मराठीत बोलली. मंग म्हने, "भाईजान, दोन वर्सं झाले. माह्याकडून काई चुकलं असन तर सांगा. तुमी तर माहं नावच टाकलं."

काय सांगू तिले? म्हनलं, "टाकलं बाई. माहा धंदाच तो हाय."